ड्रोन उडाला झकास, आभाळ झालं पांढरंफटक!

महागडा ड्रोन, हक्काची सुट्टी, समोर अख्खा सह्याद्री... आणि घरी येऊन बघावं तर फोटोतले ढग गायब! यात दोष ड्रोनचा नसतो, उजेडाचा हिशोब चुकलेला असतो. तो हिशोब एकदा डोक्यात बसला, की पुढचा वीकेण्ड तुमचाच.

शुक्रवारी संध्याकाळी डेडलाइन्स बाजूला सारून ट्रेकची सॅक भरायची, हा फंडा काही नवा नाही. नवीन एवढंच, की थेपले, विंडचीटर आणि पॉवर बँकसोबत सॅकमध्ये आता एक छोटी पेटीही असते. प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी ‘ड्रोनवाला’ किंवा ‘ड्रोनवाली’ असतेच. माथ्यावर पोचलं, घोटभर पाणी प्यायलं, की सगळ्यांच्या नजरा तिकडे वळतात. ‘चला, काढ बाहेर!’

उडवणं आता खरंच सोपं झालंय. जीपीएसच्या जोरावर ड्रोन हवेत एका जागी शहाण्यासारखा उभा राहतो आणि बटण दाबलं की आपला आपण परत येतो. कॅमेऱ्यात ‘ऑटो’ आहेच. मग घोडं अडतं कुठे? तर घरी आल्यावर, लॅपटॉपच्या स्क्रीनवर. ड्रोनवाल्यांच्या तीन तक्रारी अगदी ठरलेल्या. एक, आभाळ पांढरं पडलं. दोन, खालची झाडी काळी ठिक्कर आली. तीन, व्हिडिओ मध्येच उजळतो आणि मध्येच अंधारतो. या तिन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे, ते म्हणजे एक्स्पोजर. कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा, याचा निर्णय.

आता म्हणाल, चुकला एखादा फोटो तर दुसरा काढू! मोबाइलच्या बाबतीत ठीक आहे. ड्रोनचं गणित वेगळं. बॅटरी कागदावर तीस मिनिटांची असली तरी वारा आणि परतीच्या प्रवासाचा चार्ज धरला तर हातात वीस-बावीस मिनिटंच उरतात. दरीतलं धुकं आणि सूर्योदयाचा सोनेरी उजेड तर त्याहूनही घाईत असतात. आणि बॉसकडून मिळवलेली सोमवारची रजा? ती दर महिन्याला थोडीच मिळणार! म्हणूनच बटण दाबण्याआधी विचार झालेला बरा.

कॅमेऱ्याला सगळं जग करडं दिसतं

आधी ऑटोचं डोकं कसं चालतं ते बघू. कॅमेऱ्यातला मीटर समोरचा उजेड मोजतो, पण समोर नेमकं काय आहे ते त्याला कळत नाही. त्याची एक जुनी समजूत आहे. समोरचं दृश्य सरासरी काढल्यावर मध्यम करडं असणार, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के उजेड परत पाठवणारं. बहुतेक वेळा ही समजूत खपून जाते. पण दरी पांढऱ्या धुक्याने भरली असेल तर मीटर म्हणतो, ‘बापरे, फारच उजेड!’ आणि शुभ्र धुकं मळकट करून टाकतो. उलट खाली काळाकभिन्न कातळ असेल तर त्याला वाटतं अंधार आहे. मग तो उजेड वाढवतो, कातळ राखाडी होतो आणि कड्यावरून पडणारा धबधबा पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यासारखा दिसायला लागतो.

जमिनीवर असताना आपण एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे सरकून नको ते फ्रेमबाहेर ठेवतो. शंभर मीटरवरून ती सोय नाही. वाइड लेन्समध्ये खाली सावलीतली दरी आणि वर लख्ख आभाळ, दोन्ही एकदम येतात. फोटोग्राफीत उजेड दुप्पट किंवा निम्मा झाला की त्याला एक ‘स्टॉप’ म्हणतात. तीन स्टॉपचा फरक म्हणजे आठपट, पाच स्टॉपचा म्हणजे बत्तीसपट. सूर्य समोर आणि दरी सावलीत असली की आभाळ आणि जमिनीतला फरक सहज त्याच्याही पुढे जातो. छोट्या ड्रोनचा सेन्सर नखाएवढा. त्याने तरी काय काय सांभाळायचं?

तीनपैकी दोनच बटणं

एक्स्पोजर तीन गोष्टींवर ठरतं. अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ. सोपं उदाहरण घ्या. सकाळी पाणी आलंय आणि हंडा भरायचाय. नळ किती मोठा ते अ‍ॅपर्चर, नळ किती वेळ चालू ठेवला ते शटर. आयएसओ म्हणजे कमी भरलेला हंडा भरल्यासारखा दाखवायची युक्ती. पाणी काही वाढत नाही, गाळ मात्र दिसायला लागतो. फोटोतल्या या गाळालाच आपण ‘नॉइज’ म्हणतो.

बहुतेक छोट्या ड्रोन्समध्ये नळाचा आकार ठरलेला असतो. डीजेआय मिनी २ चं अ‍ॅपर्चर एफ/२.८ ला, तर मिनी ३ प्रो आणि मिनी ४ प्रोचं एफ/१.७ ला कायमचं बसवलेलं आहे. मॅविक ३ सारख्या मोठ्या भावंडांत ते एफ/२.८ पासून एफ/११ पर्यंत बदलता येतं. दिवसा आयएसओ १०० वरून हलवायचं कारण नसतं. म्हणजे भर दिवसा तुमच्या हातात उरतं ते फक्त शटर. टेन्शन कमीच झालं म्हणायचं!

शटर किती ठेवायचं याचा अंदाज फिल्मच्या जमान्यातला एक नियम देतो, ‘सनी सिक्स्टीन’. स्वच्छ उन्हात, सूर्य पाठीशी असताना एफ/१६ ला आयएसओ १०० असेल तर शटर साधारण १/१००. एफ/२.८ हे एफ/१६ पेक्षा पाच स्टॉपने उघडं, म्हणजे शटर १/३२०० च्या आसपास. एफ/१.७ असेल तर १/८००० च्याही थोडं पुढे. हे आकडे पाठ करायचे नाहीत, पडताळा म्हणून वापरायचे. कडक उन्हात एफ/२.८ चा ड्रोन १/८०० दाखवत असेल तर दोन स्टॉप जादा उजेड जातोय, हे तुम्हाला फोटो न बघताच कळेल.

स्क्रीन फसवते, आलेख नाही

सगळ्यात जास्त फोटो कशाने बिघडत असतील, तर मोबाइलच्या स्क्रीनवर विश्वास ठेवल्याने. उन्हात उभं राहिलं की स्क्रीन अंधारी वाटते. आपण डोळे बारीक करतो, एका हाताने सावली धरतो, ‘काळा येतोय रे’ म्हणतो आणि उजेड वाढवतो. घरी ट्यूबलाइटच्या उजेडात तोच फोटो पांढराफटक निघतो. स्क्रीनचा ब्राइटनेस आणि फोटोतला उजेड यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

यावर उपाय हिस्टोग्राम. ड्रोनच्या अ‍ॅपमध्ये सेटिंग्जमध्ये गेलात की हा छोटा आलेख सुरू करता येतो. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, मध्ये बाकी सगळं. डोंगर कुठेही असो, आलेख उजव्या भिंतीला चिकटून वर चढला असेल तर समजा, फोटोतला सगळ्यात उजळ भाग जळाला. डाव्या भिंतीला चिकटला तर सावल्या बुडाल्या. शेजारीच ओव्हरएक्स्पोजर वॉर्निंग असते. ती चालू केली की जळालेल्या भागावर झेब्र्यासारखे पट्टे दिसतात. ढगांवर पट्टे आले की शटर वाढवत न्यायचं, पट्टे जेमतेम नाहीसे होईपर्यंत. तिथेच थांबायचं. उगाच आणखी अंधार केलात तर सावल्यांत नॉइज वाढतो.

काय गमवायचं नाही, ते आधी ठरवा

आता मुद्द्याचं. ‘करेक्ट एक्स्पोजर’ नावाचा एकच आकडा कुठेही लिहिलेला नाही. समोरच्या सगळ्या गोष्टी एका फोटोत मावणार नसतील, तर त्यातली कुठली गमावलेली चालणार नाही हे तुम्हीच ठरवायचं असतं. ऑटोला ते ठरवता येत नाही, कारण तुम्ही एवढे गड चढून कशासाठी आलात हे त्याला ठाऊक नाही.

फिल्मच्या काळात अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास ‘झोन सिस्टिम’ मांडली आणि उजेडाला पायऱ्यांमध्ये बसवलं. निगेटिव्हवर काम करताना शिस्त अशी, की सावल्यांसाठी एक्स्पोजर द्यायचं. सावलीत काही नोंदलंच गेलं नाही तर डार्करूममध्ये ते आणणार कुठून? डिजिटलमध्ये चित्र उलटं झालं. इथे सावल्या बऱ्याच वर उचलता येतात, पण सेन्सर एकदा काठोकाठ भरला की पुढचं सगळं नुसतं पांढरं. तिथे ढगाची घडी नव्हतीच, तर सॉफ्टवेअर तरी काय परत आणणार? म्हणून डिजिटलचा पहिला धडा, उजळ भाग वाचवा.

दुसरा धडा, फोटो ‘रॉ’मध्ये काढा. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६. सावली उचलताना या जास्तीच्या पायऱ्या कामी येतात. मेमरी कार्ड लवकर भरतं हे खरं, पण कार्ड स्वस्त आहे, रजा महाग.

अर्थात उजळ भाग वाचवायचा म्हणजे प्रत्येक ठिपका वाचवायचा असं नाही. सूर्याची तबकडी जळणारच, पाण्यावर चमकणाऱ्या लाटांची टोकंही जळतील. त्याने काही बिघडत नाही. आणि कड्याच्या सावलीत उभी असलेली तुमची गँग हाच फोटोचा विषय असेल, तर खुशाल आभाळ सोडून द्या. फक्त ते ठरवून सोडा!

आपल्याकडचे चार सीन

पावसाळी धुकं : मीटर धुक्याला करडं करणार हे नक्की. त्यामुळे ईव्ही +०.७ ते +१ कडे न्या आणि आलेख उजवीकडे सरकू द्या, फक्त भिंतीला टेकवू नका. ढगात मात्र ड्रोन घुसवायचा नाही. तो नजरेआड होतो आणि ओलाव्याने मोटरपासून लेन्सपर्यंत सगळ्याची वाट लागते.

काळा कातळ, हिरवं पठार : सह्याद्रीचा बेसाल्ट पावसात भिजला की आणखी काळा होतो. इथे ईव्ही -०.७ ते -१ ठेवा. कातळ काळाच दिसू दे, तोच त्याचा रंग. धबधबा फ्रेममध्ये असेल तर झेब्र्याचे पट्टे त्याच्यावर येतायत का, तेवढं बघा.

कोकणचा किनारा : कॅमेरा सरळ खाली वळवला तर आभाळ फ्रेमबाहेर जातं आणि अर्धी अडचण तिथेच सुटते. आता सगळ्यात उजळ राहतो तो लाटांचा फेस. एक्स्पोजर त्याच्यावर ठरवा. मे महिन्याच्या सुट्टीत एक वेगळीच गंमत होते. मुंबई-पुण्यात ‘शून्य सावली’चा दिवस मेच्या मध्यावर येतो. म्हणजे त्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. सरळ खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला त्याचं प्रतिबिंब नेमकं फ्रेमच्या मधोमध पाण्यात दिसतं, आणि माडांच्या सावल्या बुंध्याशीच गोळा होतात. त्यापेक्षा सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर उडवा. माडांच्या लांबलचक सावल्या वाळूवर काय भन्नाट नक्षी काढतात ते वरूनच कळतं!

गडावरचा सूर्योदय : सूर्य समोर असेल तर त्याच्या बाजूच्या आभाळावर स्क्रीनवर बोट ठेवा. अ‍ॅप तिथला उजेड मोजतं, आणि बोट दाबून धरलं की बऱ्याच अ‍ॅप्समध्ये एक्स्पोजर लॉक होतं. पुढच्या डोंगररांगा काळ्या येतील, येऊ द्या. एकामागे एक उभ्या रांगांची ती उतरंड हाच फोटो. दोन फोटो झाले की ड्रोन पूर्ण मागे फिरवा. उन्हाचा पहिला हात लागलेला कडा तिकडे असतो, आभाळ आणि जमिनीतला फरकही तिथे खूप कमी. बाकीचे सूर्याचे फोटो काढत असतात, तेव्हा मस्त फोटो त्यांच्या पाठीमागे घडत असतो.

एकात मावत नसेल तर...

...तीन काढा! ‘एईबी’ म्हणजे ऑटो एक्स्पोजर ब्रॅकेटिंग. बटण एकदा दाबलं की ड्रोन तीन किंवा पाच फोटो पटापट काढतो. एक बेताचा, बाकीचे त्याहून गडद आणि उजळ. घरी सॉफ्टवेअरमध्ये ते एकत्र करायचे. आभाळ गडद फोटोतलं, दरी उजळ फोटोतली. निश्चल डोंगरासाठी ही युक्ती झकास. लाटा, पक्षी आणि धावणारी पोरं फ्रेममध्ये असतील तर मात्र सावधान, एकाच पोराची तीन भुतं दिसतील.

पॅनोरमा काढताना एक्स्पोजर मॅन्युअलवरच ठेवा. ऑटोवर राहिलात तर सूर्याकडचा तुकडा गडद, उलट बाजूचा उजळ आणि जोडल्यावर आभाळात पट्टे, वेगवेगळ्या ताग्यांतलं कापड जोडल्यासारखे.

व्हिडिओचा मामला वेगळा

फोटोत शटर कितीही वेगवान चालतं. व्हिडिओत हालचाल डोळ्याला गोड दिसायची तर शटर फ्रेम रेटच्या साधारण दुप्पट हवं. सेकंदाला २५ फ्रेम्स तर १/५०, तीस तर १/६०. आता वरचा हिशोब आठवा. कडक उन्हात एफ/२.८ ला शटर लागतं १/३२००. तिथून १/५० पर्यंत यायचं म्हणजे सहा स्टॉप उजेड अडवायला हवा. त्यासाठी लेन्सवर गॉगल चढवायचा, त्याचंच नाव एनडी फिल्टर. सहा स्टॉपचा एनडी ६४, चार स्टॉपचा एनडी १६, तीनचा एनडी ८. दुपारी एनडी ६४ आणि ऊन उतरल्यावर एनडी १६ असे दोन जवळ ठेवले तरी बरंच काम भागतं. एफ/१.७ वाल्यांना दुपारी त्याहून गडद म्हणजे एनडी १२८ लागेल. साध्या फोटोसाठी एनडीची गरज नाही. धबधबा दुधासारखा दिसायला हवा असेल तरच लावा.

आणि ती तिसरी तक्रार? व्हिडिओ उजळतो-अंधारतो, कारण कॅमेरा खालून वर उचलताना आभाळ फ्रेममध्ये येतं आणि ऑटो दचकतं. शॉटमध्ये सगळ्यात उजळ काय येणार ते आधी बघून घ्या, त्यावर एक्स्पोजर लॉक करा आणि मगच रेकॉर्डिंग सुरू करा. एवढ्या एका सवयीने तुमचा व्हिडिओ हौशी वाटायचा थांबतो.

उडण्याआधी दोन मिनिटं

• लेन्स मऊ कपड्याने पुसा. बोटाचा एक ठसा पुरतो, अख्खं आभाळ धुरकट होतं.
• रॉ चालू, आयएसओ १००, हिस्टोग्राम आणि झेब्रा चालू.
• मोबाइलचा ब्राइटनेस पूर्ण वाढवा, पण निर्णय आलेखावर घ्या.
• पोलरायझर लावणार असाल तर तो जमिनीवरच फिरवून बसवा. वर गेल्यावर हात पोचत नाही!
• २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे दोन किलोपर्यंत ‘मायक्रो’. नॅनोला आणि निव्वळ हौसेसाठी उडवलेल्या मायक्रोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. ग्रीन झोनमध्ये कमाल उंची ४०० फूट. यलो आणि रेड झोनमध्ये परवानगीशिवाय उडवायचं नाही. संरक्षित गडकोट आणि अभयारण्यांत पुरातत्त्व आणि वन खात्याला आधी विचारा.
• फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. दुबईहून येणाऱ्या मित्राला ‘एक घेऊन ये ना’ म्हणण्याआधी हे लक्षात असू द्या.

नादारचं बलून

वरून फोटो काढायची ही डोकेदुखी आजची नाही. १८५८ मध्ये नादार नावाचा फ्रेंच छायाचित्रकार पॅरिसजवळ बलूनमध्ये बसून वर गेला, तेव्हा बलूनमधून निसटणारा वायूच त्याच्या रसायन लावलेल्या काचा खराब करत होता. कारण सापडेपर्यंत त्याने किती काचा वाया घालवल्या असतील! त्याचे ते पहिले फोटो आज शिल्लक नाहीत. आज शिल्लक असलेला सर्वात जुना हवाई फोटो १८६० मधला. जेम्स वॉलेस ब्लॅकने बोस्टन शहरावरून, बलूनमधूनच काढलेला. या मंडळींकडे ना हिस्टोग्राम होता, ना झेब्रा. होता तो अंदाज आणि पुन्हा पुन्हा करून बघायची चिकाटी.

तुमच्याकडे ती करून बघायची सोय फुकट आहे. ट्रेकच्या आधी एखाद्या रविवारी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर जा आणि एक अख्खी बॅटरी फक्त सरावासाठी ठेवा. एकच फ्रेम धरा, अर्धं आभाळ, अर्धी जमीन. ईव्ही शून्यावर एक फोटो, मग -०.७, मग -१.३ आणि शेवटी +०.७. प्रत्येक वेळी हिस्टोग्रामचा स्क्रीनशॉट घ्या. घरी चारही फोटो शेजारी-शेजारी उघडा, सावल्या उचलून बघा, ढग परत येतात का ते बघा. तुमच्याच ड्रोनचा सेन्सर कुठवर साथ देतो आणि कुठे हात टेकतो, ते अर्ध्या तासात कळेल. मग माथ्यावर, धुकं विरायला पाच मिनिटं उरलेली असताना, तुम्हाला सेटिंग शोधत बसावं लागणार नाही. काय वाचवायचं एवढंच ठरवायचं, आणि बटण दाबायचं.